डाव्या फोटोतली जमीन

मामाचा फोन आला तेव्हा मी मोसंबीच्या बागेत तुंबलेली ठिबकची नळी तोंडानं फुंकत होतो. जिभेवर गाळ आला होता. तो थुंकायचीही उसंत न देता मामा म्हणाला, "तुमच्या नाल्याकडल्या वावराचा फोटो फिरून राह्यलाय. बघितला का न्हाई?"

"कसला फोटो?"

"मेलेली जमीन म्हणून टाकलाय कुणीतरी. पोरीच्या चुलत्यानं मला पाठवला. म्हन्ला, पाहुणे, तुमी तर बागाईत सांगितल्तं. मंग हे काय हाय?"

नळी माझ्या हातातून सुटली. रविवारी मुलीकडचे लोक घर पाहायला येणार होते आणि तो मंगळवार होता.

हे किती गंभीर होतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागणार नाही; इतरांना सांगतो. मी तेहतीस वर्षांचा, बी.ए. झालेला, वडीगोद्रीच्या अलीकडं शेतातच वस्ती करून राहणारा, नोकरी नसलेला. अशा माणसाच्या सोयरिकीत पहिला प्रश्न 'मुलगा काय करतो' हा असतो आणि त्याचं उत्तर ऐकल्यावर दुसरा प्रश्न बहुतेक येतच नाही. पाहुणे चहा पिऊन उठतात, 'कळवतो' म्हणतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. अशी बरीच स्थळं येऊन गेली होती. माझ्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली होती. गावातली रिकामी मंडळी मला पाहून 'यंदा तरी बार उडव रे' म्हणायची, तेव्हा त्यांच्या डोक्यावर शेणाची पाटी पालथी घालावी असं मला वाटायचं.

मंठ्याकडचं हे स्थळ मामानं आणलेलं. मुलगी शिकलेली, मंठ्यात एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर काम करणारी. तिच्या वडिलांनी नोकरीचं विचारलंच नाही. ते स्वतः शेतकरी. म्हणाले, जमीन दाखवा, पाणी दाखवा, बाकी आम्हाला काही नको. म्हणजे जमीन हाच माझा पगार आणि हीच माझी पदवी होती. आणि नेमकी तीच कुणीतरी मेली म्हणून जाहीर केली होती.

मामानं फोटो पाठवला. भेगाळलेलं रान, जागोजाग वाळलेली धसकटं, बांधावर बाभळीचा खुंट. आणि मधोमध पाठमोरे उभे आमचे आबा, म्हणजे माझे वडील, डोक्याला टापर बांधलेली, दोन्ही हात कमरेवर. वर जाड लाल अक्षरांत 'मेलेली जमीन' आणि खाली 'वडीगोद्री'. पाठ असली म्हणून काय झालं? आबांची ती उभं राहायची तऱ्हा पंचक्रोशीत कुणीही ओळखेल.

फोटो कुणाचा ते शोधायला फार वेळ लागला नाही. फोटोच्या कोपऱ्यात मेंढीचं छोटं चित्र होतं आणि ते चित्र मी आधी पाहिलेलं होतं.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. दसऱ्याच्या आधी अंबडला एका खताच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर भरलं होतं. विषय असा की मोबाइलवरून आपल्या धंद्याची जाहिरात कशी करायची, अगदी पहिल्यापासून. मी गेलो, कारण व्यापाऱ्याला बागेचा सौदा देऊन देऊन मी वैतागलो होतो आणि मोसंबी थेट गिऱ्हाइकाला विकायची हवा माझ्या डोक्यात शिरली होती. हॉलमध्ये पापडवाल्या बाया होत्या, एक मंडपवाला होता, एक रोपवाटिकावाला होता. आणि मागच्या रांगेत मांडीवर लेकरू घेऊन बसलेली, आमच्याच शिवारात मेंढ्या राखणाऱ्या कुटुंबातली सून होती. मी तिला वहिनी म्हणतो. तिचे सासरे, त्यांना सगळे बाबा म्हणतात, वर्षानुवर्षं सोयाबीन निघालं की आमच्या वावरात मेंढ्या बसवतात. म्हणजे जाळी लावून काही रात्री कळप आमच्या रानात मुक्कामाला ठेवतात. लेंड्या आणि मूत जमिनीत जिरतं, तसलं खत दुकानात मिळत नाही. बदल्यात आम्ही धान्य देतो, काही पैसे देतो. आबा आणि बाबा यांच्यात कधी कागद झाला नाही. बांधावर तंबाखू मळता मळता सगळं ठरतं.

शिबिरातले सर शहरातून आलेले, बोलायला गोड. त्यांनी आम्हाला पेज काढायला शिकवलं. नाव सोपं ठेवा, आपला चेहरा लावा, ठिकाण टाका म्हणजे जवळच्या माणसाला दिसेल. फोटो सकाळच्या उन्हात काढा. रोज थोडं टाका, एकदम ढीग ओतू नका. कुणी खाली काही लिहिलं तर लगेच उत्तर द्या, भांडू नका. हे सगळं ठीक होतं. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला हुकमी पत्ता काढला. म्हणाले, "लोक वस्तू विकत घेत नाहीत, दुखण्यावरचा इलाज विकत घेतात. म्हणून आधी दुखणं दाखवा, जरा मोठं करून दाखवा. मग इलाज. एका चौकटीत दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा." वहिनीनं मागून विचारलं, "सर, आमचा धंदा मेंढ्या बसवायचा हाय. त्याचं कसं?" सगळा हॉल हसला. मीही हसलो. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमच्याइतका चांगला आधीचा आणि नंतरचा फोटो इथं कुणाकडंच नसेल." त्याच दुपारी वहिनीनं आपलं पेज काढलं आणि त्यावर मेंढीचं ते छोटं चित्र लावलं.

माझ्या मोसंबीच्या पेजची गत सांगण्यासारखी नाही. पहिल्या फोटोत अर्धी मोसंबी आणि अर्धा माझा अंगठा. पेज बघणारे सगळे भाऊबंद, आणि त्यांना मोसंबी फुकट लागते.

तर मी गाडीला किक मारली आणि बाबांचा कळप जिथं उतरला होता त्या वावराकडं सुटलो. रस्त्यानं मी काय काय बोलायचं ते ठरवत होतो आणि त्यातलं बरंचसं इथं लिहिण्यासारखं नाही.

वहिनी जाळीजवळ कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मला पाहून तिचा चेहरा असा फुलला की माझा राग क्षणभर कुठं ठेवावा ते मला कळेना.

"बघितलं का भाऊ? लई चाललंय. घनसावंगीकडून बी फोन आल्ता. सर म्हन्ले, पहिल्याच पोस्टला एवढं कुणाचं जात न्हाई."

मी तिचं अभिनंदन करायला आलोय असं तिला वाटलं होतं.

"वहिनी, माझी सोयरीक मोडून राह्यली तुमच्या त्या पोस्टनं."

तिचा हात थांबला. कोकरू बाटलीला ढुसण्या देत राहिलं.

"त्याच्यात तुमचं नाव कुठं हाय?"

"आबा हायेत ना मधी उभे! अन् खाली गावाचं नाव टाकलंय. आता काय सातबारा बी चिटकवायचा राह्यला का?"

तिनं घाईघाईनं फोन काढून मला मूळ पोस्ट दाखवली. तिथं खरंच दोन फोटो होते. डावीकडं ते भेगाळलेलं रान, पाऊस दगा देऊन गेला त्या साली तिच्या नवऱ्यानं काढलेलं. उजवीकडं तेच वावर, तोच बाभळीचा खुंट, पण कमरेला लागणारी कपाशी. पूर्ण ओळ अशी होती: 'मेलेली जमीन जिवंत! आमच्या मेंढ्या एकदा बसवून बघा.' पण कुणीतरी गंमत म्हणून डावा अर्धा कापून एका ग्रुपवर टाकला, तिथून तो दुसऱ्यावर गेला आणि जिवंत झालेली जमीन वाटेतच गळाली. चांगली बातमी चालत जाते आणि वाईट बातमीला जीप मिळते, त्यातला प्रकार.

बाबा एवढा वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते सुनेला म्हणाले, "पोरी, वावराला मेली म्हणत न्हाईत. थकली म्हणावं, तहानली म्हणावं. ज्याचं खातो त्याला मेली म्हणायचं का?"

"सर म्हन्ले व्हते, दुखणं मोठं करून दाखवा." तिचा आवाज बारीक झाला होता. "मी काढून टाकते भाऊ. आत्ताच काढते."

पण बोट ठेवायच्या आधी तिनं सरांना फोन लावला, आवाज मोठा करून. सर म्हणाले, "अजिबात काढू नका. आता काढलं तर लोक म्हणतील, काहीतरी लपवलं. ज्यांच्याकडं तो फोटो आहे त्यांच्याकडं तो राहणारच. खाली शांतपणे खुलासा लिहा." मी मधेच ओरडलो, "सर, इथं माणसाचं लग्न मोडायला लागलंय आणि तुम्ही खुलासा काय सांगता?" सर म्हणाले, "मग तुम्ही तुमची बाजू दाखवा. जमीन आहे तशी लाइव्ह दाखवा. फोटोवर लोक शंका घेतात, समोर चालू असलेल्या गोष्टीवर फारशी घेत नाहीत."

मी तिच्या फोनवर खालचा मजकूर वाचला. मुलीच्या चुलत्यानं स्वतःच्या नावानिशी विचारलं होतं, 'ही जमीन कुणाची?' आणि त्याखाली आमच्या गावच्या एका रिकामटेकड्यानं उत्तर दिलं होतं, 'आमच्या नवरदेवाची,' पुढं हसणाऱ्या तोंडांची रांग. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वहिनीनं त्याखाली लिहिलं, 'दादा, उजवा फोटो आत्ताचा आहे, जमीन एक नंबर आहे.' त्यावरही कुणीतरी हसलं.

घरी आलो तर आबांना ते आधीच कळलं होतं. आबा मोबाइल वापरत नाहीत. दाढी करायला गेले तेव्हा कारागिरानं वस्तरा बाजूला ठेवून त्यांना तो फोटो दाखवला. आबा अर्धवट दाढीनं उठून आले होते. ओसरीवर बसले होते, एक गाल गुळगुळीत आणि एक पांढऱ्या खुंटांचा. हसू येण्यासारखं ते दृश्य, पण त्यांच्या डोळ्यांत पाहून मला हसता येईना.

"त्या मेंढ्या आता माह्या वावरात पाय ठेवणार न्हाईत," ते म्हणाले. "सांगून ये त्याला."

मी सांगायला गेलो नाही. मला त्या क्षणी मेंढ्यांचं काही पडलं नव्हतं. मला रविवारचं पडलं होतं.

मामा बुधवारी मुक्कामालाच आला. तो येताना नवी धास्ती घेऊन आला. मुलीकडच्यांची शंका आता जमिनीवर नव्हती, आमच्यावर होती. जमीन खराब असती तरी चाललं असतं, पण हे लोक खोटं बोलतात असं त्यांना वाटलं तर सगळंच संपलं. हे सांगताना मामानं एक गोष्ट हळूच सांगून टाकली, की त्यानं त्यांना विहीर बारमाही आहे असं सांगितलं होतं. "सोयरीक जमवायची म्हन्लं की थोडं इकडंतिकडं करावंच लागतं," तो म्हणाला. आमची विहीर शिमग्याच्या आधी तळ दाखवते, हे आमच्या शेळ्यांनाही माहीत आहे.

गुरुवारी दुपारी लाइव्ह करायचं ठरलं. मुलीच्या चुलत्याला मामानं आधीच कळवलं होतं. वहिनी आपणहून आली. म्हणाली, "भाऊ, फोन मी धरते. सर म्हणत्यात, धरणाऱ्याचा हात हलला की बघणारा पळतो." आबा तिच्याकडं पाठ करून बसले. ती पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली आणि फोन आडवा धरला. तिच्या मागं मामा उभा, हातवारे करून मला काय म्हणायचं ते दाखवायला.

लाल ठिपका लागला, लाइव्ह सुरू झालं. शिबिरात सरांनी सांगितलं होतं, एका माणसाशी बोलतोय असं समजून बोला. मी मुलीचे वडील समोर धरले आणि बोलायला लागलो. नाल्याकडचं कपाशीचं वावर दाखवलं, सरीतलं ढेकूळ उचलून हातात फोडून दाखवलं. बाभळीचा तो खुंट मुद्दाम दाखवला, म्हणजे जागा तीच आहे हे कळावं. मग विहीर दाखवली. मग बागेत आलो आणि तिथं मला जरा जोर चढला. "बघा, एकेक झाडाच्या बुडाशी नळी हाय. एक थेंब वाया जात न्हाई. आमी पाण्याला सोन्यासारखं वापरतो." बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता. चुलत्याचं नाव वर येऊन गेलं. गावचा रिकामटेकडा होताच, त्यानं लिहिलं, 'जमीन विकायची का नवरदेव?' मी दात खाऊन हसलो.

तेवढ्यात झेंडूच्या फुलाचं चित्र लावलेल्या कुणीतरी लिहिलं, 'विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असतं?'

वहिनीनं ते मोठ्यानं वाचलं आणि वाचल्यावर तिची जीभ दातांखाली गेली. मामानं दोन्ही हातांची बोटं पसरून हलवली, मग आणखी दोन बोटं वर केली. बारा. ओठांनी आवाज न करता म्हणत होता, 'बारमाही म्हण, बारमाही.' बागेच्या कडेला बसलेल्या आबांनी पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडं पाहिलं. बारमाही म्हणालो असतो तर त्या दिवशी कुणाला काही कळलं नसतं. पण पोरगी लग्न होऊन आली असती आणि मार्चमध्ये तिलाच कळलं असतं, आणि तोवर आबा रोज ओसरीवर तिच्यासमोर बसले असते. ते माझ्यानं सोसलं नसतं.

"फेब्रुवारी," मी म्हणालो. "पाऊस चांगला झाला तर अर्धा मार्च. पुढं शेततळ्यावर बाग जगवतो."

मामा फोनच्या मागून निघून गेला. जाता जाता त्याचं 'मातीत घातलंस' एवढं ऐकू आलं, माझ्यासकट सगळ्या बघणाऱ्यांना.

शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारी दुपारपर्यंत आला नाही. मामा माझ्याशी बोलत नव्हता. आईनं अंगण सारवून ठेवलं होतं आणि ते वाळत आलं तसतसं मला ते पाहवेना. मी दर थोड्या वेळानं फोन बघायचो आणि प्रत्येक वेळी तिथं भाऊबंदांचं शुभ प्रभात असायचं. संध्याकाळी मामाचा फोन वाजला. तो नुसता 'हो, हो, बराबर' म्हणत राहिला आणि ठेवल्यावर म्हणाला, "येऊन राह्यलेत. अन् पोरगी बी येणार म्हणते."

यानं घरात वेगळीच खळबळ उडाली. घर पाहायला मुलगी येत नाही आमच्याकडं. बाप येतो, चुलता येतो, फार तर आत्या. मुलगी स्वतः सासर तपासायला येते हे आबांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

रविवारी जीप आली. चुलता उतरला तो चहालाही थांबला नाही, सरळ नाल्याकडच्या वावरात गेला. टाचेनं ढेकूळ फोडलं, वाकून मूठभर माती घेतली, नाकाला लावली. आम्ही सगळे बांधावर उभे. चुलता हात झटकत म्हणाला, "माती झकास हाय. उगंच बोंब झाल्ती." मुलीच्या वडिलांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "लाइव्हवर फेब्रुवारी म्हन्लात ते आवडलं आपल्याला. माझी विहीर तर संक्रांतीलाच बसते. तुमी बी बारमाही म्हन्ला असता तर मी गाडीतून उतरलोच नसतो." मामानं टोपी काढून डोकं खाजवलं. आबा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले. माझ्या मानेवरचं जूच कुणीतरी उतरवलं.

जेवणाआधी आम्हा दोघांना बोलायला बागेत पाठवलं. ती माझ्यापेक्षा कमी घाबरलेली दिसत होती. साधी, उन्हानं रापलेली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी.

"तुमचं लाइव्ह मी तीनदा बघितलं," ती म्हणाली.

"झेंडूचं फूल तुमचंच का?"

"हो. खरं सांगितलं म्हणूनच आले."

मी मनातल्या मनात हळद लावून घेतली होती.

ती एका झाडाजवळ थांबली, वाकून नळीतून टपकणारं पाणी पाहिलं. मग म्हणाली, "तुमी हे झाड दाखवत असताना मागून एक बाई जाते. डोक्यावर हंडा, काखेत घागर. थोड्या वेळानं रिकामी परत येते. अन् पुन्हा भरून जाते. त्या कोण?"

"आई असंल."

"असंल?"

मी ते लाइव्ह स्वतः दोनदा पाहिलं होतं. मला त्यात कुणी बाई दिसली नव्हती.

"एवढ्या झाडांपर्यंत पाइप आणला तुमी," ती म्हणाली, "घरापर्यंत कामून न्हाई आणला?"

"टाकायचाय. दरवर्षी ठरतं."

"कोण ठरवतं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो, भांडायला मला येतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी घाईघाईनं म्हणालो, "लग्नाच्या आधी टाकून घेतो. शब्द देतो."

"टाकाल," ती म्हणाली. "माझ्यासाठी टाकाल. त्यांच्यासाठी न्हाई टाकला."

मग ती घराकडं चालायला लागली आणि मी तिच्या मागून. जेवणं झाली. तिनं आईच्या हातची भाकरी मागून घेतली. जाताना आईच्या पाया पडली, आबांच्याही पडली. जीप हलली तेव्हा मामानं माझ्या पाठीत थाप मारून 'जमलं' म्हटलं. मी हो म्हणालो नाही.

सोमवारी फोन आला. बाप तयार होता, चुलता तयार होता. मुलगीच नको म्हणत होती. मामा पिसाळला. "एवढी माती हुंगून गेले अन् आता न्हाई म्हणतेत? हा त्या फोटोचाच घोळ हाय. एकदा मनात खोट बसली की बसली." आबा काठी घेऊन उठले. "मी आत्ता जाऊन सांगतो त्या मेंढक्याला. त्याच्या सुनेनं माह्या पोराचं घर बसवू दिलं न्हाई."

"आबा, बसा," मी म्हणालो. "फोटोनं न्हाई मोडलं. विहिरीनं बी न्हाई."

मी फोन काढला, ते लाइव्ह लावलं आणि बागेच्या जागी आणून दोघांच्या मधे धरलं. फोनमधला मी एका झाडाच्या बुडाशी वाकून म्हणत होतो, एक थेंब वाया जात न्हाई. आणि माझ्या खांद्यामागून आई चालली होती, मान ताठ, डोक्यावर हंडा, एक हात घागरीला. ती चौकटीच्या एका कडेनं आली आणि दुसऱ्या कडेनं गेली. मग रिकामी परत आली. मग पुन्हा भरून. माझ्या तोंडावर थप्पड बसावी तसं मला झालं. मी त्यांना मुलीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मामा जमिनीकडं बघायला लागला. आबांनी काठी भिंतीला टेकवली, आणि ती घसरून पडली तरी उचलली नाही.

आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आमच्या घरात भिंती तेवढ्या जाड नाहीत. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, पाण्याचा हात फिरवला आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "शहाणी हाय पोरगी. माह्या बापानं नुसती जमीन बघितल्ती."